रोजच्या शब्दांची शाळा

चिखली–खामगाव मार्गावरील अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील गाव. अशा गावातील कास्तकाराच्या कानावर आणि नजरेपुढे दिवसभरात किती नवे शब्द येतात, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सकाळी आकाशवाणीवर हवामानाचा अंदाज ऐकू येतो. चहाच्या दुकानात वर्तमानपत्राचे एक पान हाती पडते आणि त्यात बाजारभावांचा तक्ता असतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना लागलेली असते, तर सहकारी सोसायटीकडून थकबाकीचे पत्र आलेले असते. खिशातील भ्रमणध्वनीवर बँकेचा संदेश येऊन पडतो. यांतील बरेच शब्द साक्षरतेच्या प्रवेशिकेत आढळत नाहीत. तथापि त्या कास्तकाराचे पीक, त्याची जमीन, त्याचे कर्ज आणि गावाच्या कारभारातील त्याचा वाटा हे सारे याच शब्दांशी बांधलेले आहे.

नव्याने साक्षर झालेली व्यक्ती अक्षराला अक्षर जोडून असा शब्द वाचू शकते. परंतु त्याचा अर्थ तिला कळेलच असे नाही. अर्थ न कळता केलेली सही आणि पूर्वी उठविलेला अंगठा यांत मग फारसे अंतर उरत नाही. हे अंतर वाढविणे हे साक्षरतावर्गाचे खरे काम होय, आणि त्यासाठी वर्ग चालविणाऱ्याने स्वतः रोजच्या शब्दांचा अभ्यासक झाले पाहिजे.

‘समजून’ या शब्दाचे महत्त्व

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर होय. या व्याख्येतील ‘समजून’ हा शब्द अनेकदा नजरेआड होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ७५.८७ टक्के होते. हे आकडे राज्याने केलेली वाटचाल दाखवितात. पण वाचणाऱ्याला वाचलेले कितपत उमगते, हे त्यांवरून कळत नाही.

महाराष्ट्राला प्रौढ साक्षरतेची परंपरा आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्याच्या इतर भागांत पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा व १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा प्रारंभ झाला. १५ ते ३५ या वयोगटावर त्यांचा भर होता. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या ‘उल्लास’ अर्थात नव भारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांचा विचार केलेला आहे. या कार्यक्रमात अक्षरज्ञान व संख्याज्ञान यांच्या जोडीला महत्त्वाची जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण ही अंगे आहेत. शिकविण्याचे काम स्वयंसेवक करतात. कोठे शाळेतील शिक्षक, कोठे महाविद्यालयीन विद्यार्थी, तर कोठे घरातीलच शिकलेली सून किंवा नात हे काम हाती घेते.

येथेच एक अडचण उभी राहते. स्वयंसेवकाला लिहिता-वाचता येते म्हणून त्याला ‘पैसेवारी’, ‘गणपूर्ती’ किंवा ‘तहकूब’ या शब्दांचे नेमके अर्थ ठाऊक असतातच असे नाही. ते ठाऊक नसणे हा दोष नव्हे. मात्र विद्यार्थ्याने विचारल्यावर अंदाजाने काहीतरी सांगून वेळ मारून नेणे हा दोष ठरतो. चुकीचा अर्थ शिकलेल्या प्रौढाचे त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

हवामानाचा एक शब्द

आकाशवाणीवरील हवामानवृत्ताचे उदाहरण घेऊ. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता’ असे वाक्य पावसाळ्यात वारंवार कानी पडते. ‘तुरळक’ या शब्दामुळे पाऊस थोडाच पडणार, अशी अनेकांची समजूत होते. वस्तुतः येथे ‘तुरळक’ हा शब्द ठिकाणांविषयी आहे, पावसाच्या जोराविषयी नाही. हवामान खात्याच्या परिभाषेत एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर तो ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हणतात. म्हणजे थोड्याच गावांत पाऊस पडेल, पण जेथे पडेल तेथे तो जोरदार असू शकेल. सोंगून ठेवलेले सोयाबीन वावरात झाकायचे की नाही, हे ठरविताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

‘अतिवृष्टी’ हा शब्दही असाच. बोलण्यात कोणत्याही मोठ्या पावसाला अतिवृष्टी म्हटले जाते. शासकीय व्यवहारात मात्र महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर त्याची अतिवृष्टी म्हणून नोंद होते. आपल्या वावरात पाणी साचले असतानाही मंडळाची नोंद कमी का, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारायचा असेल, तर ‘महसूल मंडळ’ आणि ‘पर्जन्यमापन केंद्र’ हे दोन शब्द त्याच्याजवळ असावे लागतात.

‘पैसेवारी’चा घोटाळा त्याहून मोठा आहे. हा शब्द वर्तमानपत्रात वाचून पैशांचे वाटप होणार, असा अर्थ सहज काढला जातो. प्रत्यक्षात ते पिकाचे माप आहे. प्रमाण उत्पन्न रुपयाएवढे धरून त्या वर्षीचे पीक किती पैसे आले, हे त्यातून सांगितले जाते. पूर्वी आण्यांचे चलन होते, तेव्हा यालाच आणेवारी म्हणत. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी की अधिक, यावर टंचाईच्या सवलतींचा विचार अवलंबून असतो.

बाजारभावांचा तक्ता हे पाठ्यपुस्तक

वर्तमानपत्रातील बाजारभावांचा तक्ता हा साक्षरतावर्गासाठी अत्यंत उपयुक्त पाठ आहे. त्यात शब्द थोडे, आकडे पुष्कळ आणि विषय विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा असतो. आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण हे चार शब्द समजले की अख्खा तक्ता उलगडतो. चिखली आणि खामगाव येथील बाजार समित्यांचे दर शेजारी शेजारी लिहून वजाबाकी करविली, तर वाचन आणि गणित एकाच वेळी साधते.

याच पाठातून एक सूक्ष्म भेद समजावून देता येतो. तक्त्यातील ‘किमान दर’ म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात मिळालेला सर्वांत कमी भाव. ‘किमान आधारभूत किंमत’ म्हणजे शासनाने हंगामासाठी जाहीर केलेली किंमत. तिलाच बोलीभाषेत हमीभाव म्हणतात. ‘किमान’ हा शब्द दोन्हीकडे असला तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती व अनेक बाजारांतील प्रत्यक्ष दर त्याहून कमी होते. हे दोन आकडे शेजारी मांडता येणाऱ्या शेतकऱ्याला खरेदी केंद्राची चौकशी करावीशी वाटते. तेथे गेल्यावर ‘आर्द्रता’ हा पुढचा शब्द भेटतो. ‘आर्द्रता’ म्हणजे दाण्यातील ओलावा. त्याची मर्यादा साधारणतः १२ टक्के असते, हे आधी माहीत असेल तर माल वाळवूनच गाडीत भरला जातो आणि परत आणण्याची वेळ येत नाही.

फलकावरची सूचना

ग्रामपंचायतीचा सूचनाफलक हे गावातील सर्वांत स्वस्त वाचनालय होय. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला गावाच्या कारभारात स्थान दिले. तिची सूचना फलकावर लागते. त्यात ‘गणपूर्ती’ आणि ‘तहकूब’ हे दोन शब्द हमखास येतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार उपस्थित असावे लागतात. तेवढे लोक जमले नाहीत, तर सभा तहकूब होते.

‘तहकूब’ म्हणजे रद्द, असा पुष्कळांचा समज असतो. सभा रद्द झाली असे वाटून लोक घरी जातात आणि पुढच्या तारखेकडे लक्ष देत नाहीत. परंतु तहकूब सभा पुन्हा भरते आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला दुसऱ्या वेळी गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे जे थोडे लोक तेथे हजर असतील, त्यांच्या उपस्थितीत ठराव होऊ शकतात. एका शब्दाचा अर्थ चुकल्यामुळे घरकुलांच्या यादीपासून पाणीपुरवठ्यापर्यंतचे निर्णय आपल्या अनुपस्थितीत होतात, हे विद्यार्थ्यांना पटवून दिल्यास तो शब्द त्यांच्या कायम लक्षात राहील.

जमिनीच्या नोंदीतील ‘हरकत’ हा शब्द तर प्रत्येकाच्या ओठांवर असतो. ‘काही हरकत नाही’ असे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. पण फेरफाराच्या नोटिशीत ‘हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावी’ असे वाचल्यावर अनेकजण गोंधळतात. बोलण्यातील ‘हरकत’ आणि नोटिशीतील ‘हरकत’ एकच आहे, मान्य नसेल तर तसे लेखी सांगण्याचा तो अधिकार आहे, एवढे समजावून सांगितले की नोटिशीची भीती निम्मी होते. पतीच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हे पंधरा दिवस फार मोलाचे असतात.

शब्द शिकण्याच्या दोन वाटा

व्यवहारातील मराठीत शब्दांचे दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. तहकूब, हरकत, तगादा, जामीन, वसूल हे अरबी-फारसीतून आलेले जुने शब्द आहेत. गणपूर्ती, इतिवृत्त, लाभार्थी, अधिसूचना हे संस्कृताच्या आधारे घडलेले शब्द आहेत. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना केली, १९६४ साली राजभाषा अधिनियम केला आणि १९७३ साली शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला. या प्रयत्नांतून दुसऱ्या प्रकारचे अनेक शब्द कार्यालयांत रूढ झाले आणि वर्तमानपत्रांद्वारे गावापर्यंत पोहोचले.

हे दोन प्रवाह शिकविण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारचा शब्द विद्यार्थ्याने बहुधा ऐकलेला असतो. म्हणून तो कोठे ऐकला, कोण कोणास म्हणाले, त्यानंतर काय झाले, असे विचारत जावे. अर्थ विद्यार्थ्यांकडूनच बाहेर येतो. दुसऱ्या प्रकारचा शब्द फोडून दाखवावा. लाभ आणि अर्थी मिळून लाभार्थी. जसा विद्या आणि अर्थी मिळून विद्यार्थी. एकाची घडण कळली की दुसऱ्याची आपोआप कळते. त्याचप्रमाणे थकबाकीदार, खातेदार, जामीनदार या शब्दांतील ‘दार’ ओळखू आला, म्हणजे पुढे ‘भागधारक’ शब्दातील ‘धारक’ समजावणे सोपे जाते.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ साली आंगिकोस या गावी सुमारे तीनशे श्रमिकांना साक्षर करताना असाच मार्ग अनुसरला होता. त्यांनी आधी लोकांच्या जीवनातील शब्द गोळा केले, त्या शब्दांवर चर्चा घडविली आणि मग त्यांतील अक्षरे सुटी केली. ‘वीट’ या अर्थाचा पोर्तुगीज शब्द हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. देवनागरीची बाराखडी या पद्धतीला मोठी अनुकूल आहे. ‘हमीभाव’ या एका शब्दातून ह, म, भ, व ही चार अक्षरे आणि दोन मात्राचिन्हे मिळतात. त्यांतून ‘भाव’, ‘हवा’, ‘मामा’, ‘मामी’ असे अनेक शब्द विद्यार्थी स्वतः तयार करू शकतात.

वहीची चार घरे

शिक्षकाने स्वतःसाठी एक शब्दवही ठेवावी. तिच्या प्रत्येक पानावर चार घरे आखावीत. पहिल्या घरात नवा शब्द, दुसऱ्यात तो कोठे व कोणत्या वाक्यात भेटला, तिसऱ्यात आपल्या गावच्या बोलीतील त्याचा अर्थ आणि चौथ्यात विद्यार्थ्याने तयार केलेले वाक्य लिहावे. रोज पाचाहून अधिक शब्द घेऊ नयेत. आधी वाक्यावरून अर्थाचा तर्क करावा, मगच कोश पाहावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. शासनाचे परिभाषाकोश आता संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. कायद्याचा किंवा योजनेचा शब्द असेल, तर ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी अथवा सहायक कृषी अधिकारी यांना विचारून खात्री करावी. आठवड्याच्या अखेरीस मागील शब्दांची उजळणी अवश्य घ्यावी.

तिसऱ्या घराचे महत्त्व विशेष आहे. वऱ्हाडी बोलीत शेताला वावर, कापसाच्या झाडाला पऱ्हाटी, शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. कृषिविषयक लेखात ‘आंतरमशागत’ असा शब्द आला, तर तो डवरणी-निंदणीचाच दुसरा शब्द आहे असे सांगितल्याबरोबर वर्गातील चेहरे उजळतात. आपल्याला हे काम वर्षानुवर्षे येते, फक्त त्याचे पुस्तकी नाव नवे आहे, ही जाणीव प्रौढ विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढविते. बोलीतील शब्द अशुद्ध म्हणून खोडून टाकणारा शिक्षक त्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर घालवितो.

सावधानता

वर्तमानपत्रात छापलेले किंवा भ्रमणध्वनीवर आलेले सर्वच शब्द सारख्याच विश्वासाचे नसतात. ‘बिनव्याजी’ या मोठ्या अक्षरांतील शब्दाखाली ‘अटी लागू’ हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बारीक अक्षरे आधी वाचण्याची सवय वर्गातच लावली पाहिजे. ‘केवायसी’ अद्ययावत करण्याच्या नावाखाली ‘ओटीपी’ मागणारे दूरध्वनी येतात. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा गुप्त क्रमांक. तो घराच्या किल्लीसारखा असून कोणालाही सांगावयाचा नसतो. हे दोन शब्द अर्थासह शिकविणे हे आज बाराखडी शिकविण्याइतकेच निकडीचे झाले आहे.

वर्तमानपत्र आणि बुलढाणा

वर्तमानपत्र हे शिकण्याचे साधन आहे, ही कल्पना मराठीला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जात असे. एका भाषेतील शब्दावरून दुसरीतील शब्द ताडून पाहण्याची सोय वाचकाला त्यात होती.

बुलढाण्याशी निगडित असलेले उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८८१ साली विजयालक्ष्मी या सुरतेकडील विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर दोषारोप करणारे लिखाण येऊ लागले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. मुलींच्या शिक्षणाची सोय तुटपुंजी असलेल्या त्या काळात एका स्त्रीने वर्तमानपत्रातील शब्द समजून वाचले, त्यांतील अन्याय ओळखला आणि उत्तर दिले. समजून वाचणे माणसाला कोठवर नेऊ शकते, याचा हा पुरावा जिल्ह्याच्याच इतिहासात आहे.

पंचायतीचा वाटा

हे काम केवळ स्वयंसेवकावर सोपवून चालणार नाही. ग्रामपंचायतीने फलकावरील सूचना मोठ्या अक्षरांत व सुबोध भाषेत लावाव्यात आणि कठीण शब्दाखाली त्याचा अर्थ द्यावा. सभेपूर्वी सूचना वर्गात एकदा वाचून दाखविण्याची व्यवस्था करावी. गावातील सार्वजनिक ग्रंथालयाने कालची वर्तमानपत्रे वर्गाला द्यावीत. शिळे झालेले वर्तमानपत्रही शब्द शिकण्यास ताजेच असते. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर ‘आजचे पाच शब्द’ लिहिण्यास काहीच खर्च येत नाही.

‘उल्लास’ कार्यक्रमातील चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. ती उत्तीर्ण होणे आवश्यक आहेच. परंतु तिच्यानंतरची मोठी चाचणी गावात रोज होत असते. ज्या दिवशी वर्गातील एखादी शेतमजूर बाई ग्रामसभेत उभी राहून ‘सभा तहकूब केली म्हणता, तर पुन्हा कोणत्या तारखेला भरणार, ते फलकावर लिहा’ असे सांगेल, त्या दिवशी तो वर्ग उत्तीर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.